चार खांबांच्या पलीकडची शाळा

पनवेलला पाच दिवस राहून आले असं सांगितलं, की आमच्या सांगोल्यातल्या बायका हटकून विचारतात, "मग समुद्र बघितला का? कर्नाळ्याला गेला होता का?" समुद्र बघितला नाही. कर्नाळ्याचा सुळका रिक्षातून दिसला तेवढाच. जे बघून आले ते बघायला कुणी मुद्दाम जात नाही, आणि गेलं तर माझ्यासारखं डोकं धरून परत येतं. मी सरकारी शाळांमधले संगणक बघायला गेले होते.

झालं होतं असं. मुंबईतल्या एका कंपनीनं देणगी म्हणून बऱ्याच शाळांना शिकवण्याचे संच दिले होते. एका संचात एक संगणक, एक प्रोजेक्टर आणि पहिली ते सातवीच्या धड्यांच्या सीड्यांचा डबा. हे मी सांगतेय ते दोन हजार अकराच्या आसपासचं, तेव्हा सीडीला मान होता. संच दिल्याला दोन वर्षं झाल्यावर ते जागेवर आहेत का हे तपासायचं ठरलं, आणि तपासायला परजिल्ह्यातले शिक्षक पाठवायचे असंही ठरलं. गावचा माणूस गावच्या माणसाला सांभाळून घेतो म्हणून. आमच्या शाळेतून माझं नाव गेलं, कारण मी विज्ञान शिकवते आणि आमच्या हेडमास्तरांना पाच दिवस शांतता हवी होती.

माझ्या हातात छापील तक्ता दिला होता. बावीस प्रश्न, प्रत्येकापुढे 'होय' आणि 'नाही' असे दोन चौकोन, आणि अगदी खाली 'शेरा' म्हणून दोन ओळींची जागा. संच शाळेच्या आवारात सापडला नाही, तर तो उचलून नीट सांभाळणाऱ्या दुसऱ्या शाळेला द्यायचा, असा नियम होता. हा नियम मला तेव्हा फार पटला होता, हे आधीच कबूल करते.

सोमवार, पनवेल

एसटीतून उतरले ती घामानं भिजूनच. जानेवारी महिना! आमच्याकडे या दिवसांत सकाळी दात वाजतात आणि इथे लॉजवाल्यानं पंखा पाचावर ठेवून दिला होता. त्यानं वहीत नाव लिहून घेतलं, माझ्या काखेतली फाईल बघितली आणि विचारलं, "प्लॉट बघायला आलात का मॅडम?"

मी नाही म्हटलं. त्याला ते पटलं नाही. पुढे चहावाल्यानं तेच विचारलं, झेरॉक्सवाल्यानं तेच विचारलं. विमानतळ होणार, विमानतळ होणार म्हणून तिथे हवाच अशी होती, की फाईल घेऊन हिंडणारी बाई एक तर प्लॉट घेणारी असणार नाही तर विकणारी. मंगळवारपर्यंत मी रागावत होते. बुधवारी एकाला म्हटलं, "हो, बघतेय, पण पाणी लांब आहे." त्यावर तो दहा मिनिटं मला तळोज्याकडचे भाव समजावत बसला. मग मात्र मी हात टेकले.

संध्याकाळी खानावळीत तांदळाची भाकरी खाल्ली. आमची ज्वारीची भाकरी थापताना गल्लीला ऐकू जाते, ही म्हणजे रुमालासारखी मऊ, दोन बोटांत मावणारी. सोबत जवळ्याचं सुकं होतं. वासानं आधी मान मागे घेतली, मग दोन भाकऱ्या संपवल्या. पाच दिवसांत जिच्याबद्दल तक्रार नाही अशी तेवढीच गोष्ट.

मंगळवार, डांबरी रस्त्यावरची शाळा

नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच ही शाळा आहे. सातवीपर्यंतची. नाव सांगत नाही, कारण म्हात्रे सरांनी मला अगत्यानं जेवू घातलं आणि मी खाल्ल्या मिठाला जागणारी बाई आहे. म्हात्रे सर म्हणजे तिथले मुख्याध्यापक. पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, बोलणं गोड.

तक्त्यात त्यांच्या नावावर एक संच होता. शाळेत संगणक निघाले दहा! मी म्हटलं, "हे बाकीचे कुठून आले?"

"आले एकेक करून," सर म्हणाले. "कुणी मंडळानं दिले, कुणी कारखान्यानं दिले. आपली शाळा रोडटच आहे ना मॅडम. साहेबलोकांची गाडी डायरेक्ट गेटात येते. फोटो काढायला जागा आहे, मंडप घालायला जागा आहे."

इतकं सरळ उत्तर मला कुठल्याही परिपत्रकात सापडलं नव्हतं. ज्या शाळेच्या दारात जीप उभी राहते तिथे सगळ्या योजना येऊन उतरतात. जिथे शेवटचा मैल पायी जावा लागतो, तिथे कुणाचा झब्बा मळायला तयार नसतो.

संगणकांची खोली बघायला चपला काढाव्या लागल्या. किल्ली सरांच्या कपाटात, कपाटाची किल्ली टेबलात, टेबलाची किल्ली सरांच्या खिशात. आत एसी होता. दहाही संगणकांना फुलाफुलांच्या पडद्याच्या कापडाची झबली शिवून घातली होती. प्रत्येकाच्या कपाळावर दसऱ्याचं हळदीकुंकू तसंच होतं आणि एकावर झेंडूची वाळलेली माळ. पूजा आम्हीही करतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दसऱ्याची माळ संक्रांतीपर्यंत टिकते म्हणजे मधे त्या यंत्राला कुणाचा हात लागलेला नाही, एवढं कळायला विज्ञानाची बाई लागत नाही.

"मुलांना दाखवा की चालवायला सांगून," मी म्हटलं.

सरांनी सातवीच्या तीस मुलांना आत घेतलं. मुलं तीनतीनच्या रांगेत बसली आणि एकदम सगळ्यांनी हाताची घडी घातली. तशी सवयच होती त्यांना. मग प्रणाली नावाच्या मुलीला पुढे बोलावलं. तिनं एक संगणक सुरू केला आणि माउसनं एक घर काढलं. कौलारू छप्पर, दोन खिडक्या, मागे डोंगर, डोंगरात सूर्य. सुरेख काढलं. बाकीच्या एकोणतीस जणांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, "वा! आता एक झाड काढ बघू."

प्रणालीनं सरांकडे बघितलं. सरांनी माझ्याकडे बघितलं. "झाड घेतलं नाही अजून," सर म्हणाले. "तपासणीला घर असतं."

मग वापराची नोंदवही आली. रोज कुठला वर्ग किती वाजता संगणकावर बसला, ते सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. मी पानं उलटत आजच्या तारखेला आले, तर पुढेही लिहिलेलंच. उद्याचं, परवाचं, थेट महिनाअखेरपर्यंतचं. सहावी 'अ' येत्या गुरुवारी 'पर्यावरण' शिकून गेली होती. मी वहीवर बोट ठेवून सरांकडे बघत राहिले.

"कामं वेळेआधी उरकायची सवय आहे मला," सर जराही न डगमगता म्हणाले.

आता गंमत बघा. तक्त्यात प्रश्न काय होते? संच आवारात आहे काय? होय. कुलूपबंद खोली आहे काय? होय, तीन कुलपं. स्वच्छ आहे काय? होय. नोंदवही ठेवली आहे काय? होय हो, महिनाभर पुढची ठेवली आहे. मुलं तो वापरतात का, हा प्रश्न त्या बावीस प्रश्नांत नव्हता. मी आयुष्यात खोटी खूण केलेली नाही. तिथेही सगळ्या खऱ्याच केल्या. बावीसपैकी बावीस. माझं डोकं जेवणाच्या आधी जे दुखायला लागलं ते लॉजवर परत येईपर्यंत थांबलं नाही.

बुधवार, उरणच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी उर्दू शाळा. वाटेत खाडी लागली आणि मग द्रोणागिरीकडे जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्यांची न संपणारी रांग. आमची रिक्षा त्या गाड्यांच्या मधे तासभर अडकली. तो तास मी वगळते, वाचणाऱ्यांना कशाला त्रास?

इथल्या सलमा आपा मात्र संच रोज वापरत होत्या. पन्नाशीच्या, डोक्यावर ओढणी, आवाज घोगरा. आवाज का घोगरा ते वर्गात बसल्यावर कळलं. पडद्यावर धडा चालू होता आणि संगणकाचा आवाज बंद होता. पडद्यावरची बाई तोंड हलवत होती, आणि शेजारी उभ्या राहून आपा तिचं सगळं बोलणं उर्दूतून स्वतः बोलत होत्या. गणिताचं बोलल्या, भूगोलाचं बोलल्या, पडद्यावर कावळा आला तर कावळ्याचंही बोलल्या. मुलं खूश होती.

"सीड्या मराठीच्या आल्यात," आपा म्हणाल्या. "आमची मुलं घरी आपली कोकणी मराठीच बोलतात हो, पण पुस्तक उर्दूत, इम्तिहान उर्दूत. पडद्यावर दुसरेच शब्द आले की गडबड होते. तीनदा अर्ज केला. हा जवाब बघा."

जवाब मी दोनदा वाचला. त्यात लिहिलं होतं, की योजनेचा हेतू सर्व शाळांना समान साधनं देण्याचा आहे, त्यामुळे सर्व शाळांना एकसारखाच संच दिला जातो, कुणाला वेगळा संच देणं समानतेच्या तत्त्वाला धरून होणार नाही. कागद हातात धरून मी हसले. आपाही हसल्या, पण त्यांना हसताना खोकला आला.

त्यांनी घरी नेऊन सांदणं खायला घातली. तांदळाच्या रव्याची, नारळाच्या दुधातली, गोडसर. आमच्या इडलीची श्रीमंत मावसबहीण म्हणा. "बाई, तेवढं उर्दूचं लिहा हं तुमच्या कागदावर," निघताना त्या म्हणाल्या. मी शेऱ्याच्या दोन ओळींत बारीक अक्षरात लिहिलं. लिहिलं म्हणजे झालं, असं मला तेव्हा वाटत होतं.

गुरुवार, नेऱ्याच्या पुढे

नेऱ्यापर्यंत सहा आसनी रिक्षा गेली. रिक्षावाला म्हणाला, "फार्महाउस बघायला आल्या का?" मी पैसे दिले आणि उतरले. पुढे माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे, तिथे चालत जायचं. दोन्ही बाजूंना बंगले. लोखंडी गेट, गेटवर इंग्रजी नावं, कुंपणाच्या आत हिरवळ, आणि माणूस एकही नाही. सगळे शनिवार-रविवारचे धनी. प्रत्येक गेटावर दिवसाढवळ्या दिवे चालू होते. शेवटच्या बंगल्यापाशी विजेचे खांब संपले. वाडीची शाळा तिथून समोर दिसत होती, मोजून चार खांबांच्या अंतरावर. ते चार खांब मंजूर होते म्हणे. कागदावर उभेही राहिले असतील.

तिथल्याच चढावर माझ्या सॅंडलचा पट्टा तुटला. एक सॅंडल पायात, एक हातात, काखेत फाईल, अशी मी शाळेत पोचले. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याचा रुबाब म्हणतात तो हाच.

शाळा चौथीपर्यंत. एक खोली, एक पडवी, सव्वीस मुलं आणि एक शिक्षिका, वैशाली घरत. तिशीच्या आतली, सडपातळ, बोलताना हातातला खडू फिरवत राहायची सवय. कोपऱ्यात संचाचं टेबल होतं आणि टेबलावर काहीही नव्हतं.

"संच कुठे आहे?"

"दुरुस्तीला दिलाय मॅडम. पनवेलला."

"पावती बघू."

खडू फिरायचा थांबला. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं, सुगंधा तिचं नाव, चौथीतली, कानावर घट्ट दोन वेण्या, उभं राहून विचारलं, "बाई, आज बंगल्यावर नाय जायाचा? येळ झाली."

वैशालीबाईंनी कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चला मॅडम. बघाच आता."

आमची वरात निघाली. मुलं दोनदोनच्या ओळीत, न सांगता. शेवटच्या बंगल्याच्या मागच्या फाटकाशी सगळ्यांनी चपला काढून हातात घेतल्या. फाटक उघडायला हिराबाई आल्या. साठीच्या, काष्ट्याचं लुगडं, या बंगल्याची राखण करणाऱ्या. माझी फाईल बघून म्हणाल्या, "पिलाट बगाला आल्यान का?" मग माझा अनवाणी पाय बघून स्वतःच्या रबरी चपला काढून माझ्यापुढे सरकवल्या.

बंगल्याच्या बाजूला मोटारीची शेड होती. पुढचं शटर खाली ओढलेलं, म्हणून आत अंधार, आणि भिंतीला प्लग. हिराबाईंच्या झोपडीतल्या खाटेखालून चार मुलांनी लुगड्यात गुंडाळलेला संगणक आणला, दोघांनी प्रोजेक्टर. कुणी वायरी जोडल्या, कुणी खडू मारून बसायच्या रेघा काढल्या. वैशालीबाई नुसत्या बघत होत्या. पाच मिनिटांत शेडच्या पांढऱ्या भिंतीवर ढग आले, पाऊस पडला आणि पाणी नदीतून समुद्राला गेलं. मधेच वैशालीबाई चित्र थांबवून विचारत, "आता आपल्या ओढ्याचं पाणी कुठं गेलं सांगा." सव्वीस हात वर जात.

मग एकेकाची पाळी. संगणकाच्या कळांवरची अक्षरं दोन वर्षांत झिजून गेली होती. त्यांच्यावर लाल रंगानं मराठी अक्षरं काढली होती, बारीक, सुबक. "नखाला लावायचा रंग आहे," वैशालीबाई म्हणाल्या. "शेठच्या मिसेसनी टाकून दिलेली बाटली." सुगंधा दर आठवड्याला वाडीचं पत्रक टाइप करत असे. मी मागे उभी राहून वाचलं: 'गोरी शेळी व्याली. दोन पिल्लं झाली. मंगळवारी बोरिंग बिघडली. मधूच्या आजोबांना बरं वाटतं.' मधूच्या 'म'पाशी ती कळ दोनदा दाबत होती.

"असं का गं?"

"म अडकतो," ती मान वर न करता म्हणाली. "एकदा दाबला तर नाय उमटत."

मला खरं सांगायचं तर गहिवरून आलं. मंगळवारी कुलपं आणि झबली बघून मी कावले होते. इथे एक यंत्र झिजेपर्यंत वापरलेलं बघायला मिळालं, तर ते चोरून!

नियम कडक होते. पोहायच्या तलावाकडे बघायचं नाही. झाडाचं फळ तोडायचं नाही. शुक्रवारी दुपारी सगळी शेड धुवायची, पावलं पुसायची, संगणक खाटेखाली, कारण शनिवारी शेठ येतो. आणि बाहेर कुणी काहीही विचारलं तरी बंगल्याचं नाव काढायचं नाही.

"शेठनं पकडलं तर तुमचं काय?" मी हिराबाईंना विचारलं.

"काय व्हयाचा? घालवील." त्या शेडच्या पायरीवर टेकल्या. "या शेडीच्या जाग्याव आमची वालाची शेती व्हती. आता जागा त्याची हाय, लाईट त्याची हाय. पोरां तरी आमची हायत ना?"

दुपारी त्यांनी माझ्यासाठी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. आमचा हुरडा आणि ही पोपटी, थंडीतल्या खाण्याच्या दोन तऱ्हा. आम्ही हुरड्याला पाहुणे बोलावतो आणि कौतुक करून घेतो. हिराबाईंनी शेंगा माझ्यापुढे ओतल्या आणि सांगितलं, "खावा, थंड झाल्याव मजा नाय." मी पिशवीतली शेंगदाण्याची चटणी काढली. ती मुलांनी हातोहात संपवली.

खाऊन झाल्यावर मी फाईल उघडली, आणि वैशालीबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"मॅडम, पहिल्या प्रश्नाला 'होय' लिहा. मुलं आत्ता दहा मिनिटांत संच शाळेत नेऊन टेबलावर ठेवतील. तुम्ही डोळ्यांनी बघा आणि लिहा. खोटं नाही होणार."

"अहो, पण तो तिथे राहत नाही ना."

"ही मुलं चौथीनंतर त्या रोडवरच्या शाळेत जातात. वाडीची म्हणून मागे बसवतात त्यांना. आजवर एकही मागून पुढे आलेला नाही. यंदा सुगंधा आणि आणखी पाच जण जातील. त्यांना त्या शाळेतल्या पोरांपेक्षा जास्त येतं मॅडम. तेवढंच आहे त्यांच्याकडे."

त्यावर मी काय करावं? मी भाषण केलं. घाबरू नका म्हटलं. तुम्ही लपवताय म्हणून तुम्ही चोर ठरताय, खरं सांगितलंत तर कौतुक होईल, वरती माणसंच बसलीत. पहिल्या प्रश्नाला मी 'नाही' अशी खूण केली आणि शेऱ्यात लिहायला बसले. दोन ओळी पुरल्या नाहीत, म्हणून तक्त्याच्या पाठीमागे पानभर लिहिलं. चार खांब लिहिले, शेड लिहिली, लाल अक्षरं लिहिली, पाहिलेल्या सगळ्या शाळांत हाच संच सर्वांत चांगला वापरला जातो असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. बंगल्याचं नाव तेवढं शहाणपणानं गाळलं. वाचून दाखवलं तेव्हा माझाच आवाज भरून आला होता.

वैशालीबाई उठून मुलांना ओळीत उभं करायला लागल्या. हिराबाई मडक्यातली राख झटकत म्हणाल्या, "बाई, तुमी लिवला चांगला. पन वाचील कोन?"

"वाचतात हो," मी म्हटलं. "तुम्हाला नाही माहीत."

शुक्रवार

पनवेलच्या कचेरीत तक्ते दिले. घेणाऱ्यानं वरचं पान बघून शिक्का मारला. मी म्हटलं, "त्या एकाच्या मागेही लिहिलंय, बघाल ना?" तो म्हणाला, "सगळं कॉम्प्युटरमध्ये जाणार मॅडम, काळजी करू नका." फार समाधानानं एसटीत बसले. टेंभुर्णी मागे पडल्यावर लक्षात आलं, की हिराबाईंच्या चपला माझ्याच पायात आहेत.

परत आल्यावर

एप्रिलमध्ये वैशालीबाईंचा फोन आला. जीप आली होती. शाळेपर्यंत येत नाही म्हणून बंगल्यापाशी थांबली आणि मुलांनीच संच उचलून जीपमध्ये नेऊन ठेवला. वैशालीबाईंकडून 'संच आवाराबाहेर का होता' म्हणून खुलासा मागवला होता.

मी त्या कचेरीत फोन लावला. सहा वेळा लावला. सातव्या वेळी माहिती भरणारा मुलगा सापडला. मी म्हटलं, "अहो, मागे पानभर लिहिलं होतं मी!"

"मॅडम, सिस्टिममध्ये फक्त होय-नाही जातं," तो म्हणाला. "शेरा टाकायला जागाच नाही. सगळ्यांना सेम फॉर्म आहे."

सलमा आपांच्या दोन ओळीही तशाच गेल्या असणार. संच कुठे गेला ते मी विचारलं. त्यानं यादी बघून सांगितलं. जिथे बावीसपैकी बावीस होते तिथे.

मी चिडले, तक्रारी लिहिल्या, आमच्या हेडमास्तरांवर ओरडले, बिचाऱ्यांचा काही संबंध नव्हता. नवरा म्हणाला, "तू तुझं काम नीट केलंस." त्या वाक्याचा मला जेवढा राग आला तेवढा कशाचाच आला नाही. नीट केलं म्हणूनच तर गेला ना तो संच! दहा मिनिटं मागितली होती त्या बाईनं माझ्याकडे.

मग जूनमध्ये शाळा सुरू होऊन महिना झाल्यावर पुन्हा फोन आला. सुगंधा आता रोडवरच्या शाळेत पाचवीत होती. शेवटच्या रांगेत. तिथे पाहुणे आले म्हणून सगळ्या मुलांना संगणकाच्या खोलीत नेलं होतं. मुलं हाताची घडी घालून बसली. म्हात्रे सरांनी नव्या, अकराव्या संगणकाचं झबलं काढलं आणि पाहुण्यांना दाखवायला त्यावर शाळेचं नाव टाइप करायला लागले. 'म' काही उमटेना. सर दाबतायत, पाहुणे बघतायत. मागून सुगंधाचा आवाज आला, "सर, म दोनदा दाबावा लागतो."

सर वळले. "तुला गं काय माहीत?"

"मग?" मी फोनवर विचारलं. "सांगितलं ना तिनं? हा आमचा संगणक आहे म्हणून सांगितलं ना?"

"नाही मॅडम," वैशालीबाई म्हणाल्या. "मीच शिकवलं होतं ना, कुणीही विचारलं तरी सांगायचं नाही. खाली बघितलं तिनं. हाताची घडी घातली आणि बसून राहिली."